गिरणगावातील धीर : लालबागच्या नवसाचा आणि गाऱ्हाण्याचा इतिहास

१

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आजवर मुख्यतः दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एका अंगाने गिरण्यांची वाढ, भांडवल, मजुरीचे दर, कामगारसंघटना आणि संप यांचा हिशेब मांडला जातो. दुसऱ्या अंगाने गणेशोत्सव, भजनी मंडळे, दशावतार, शाहिरी आणि तमाशा यांचे वर्णन केले जाते. पहिल्या प्रकारच्या लेखनात देव येत नाही, दुसऱ्या प्रकारच्या लेखनात भूक येत नाही. वस्तुतः ज्या माणसाचा हा इतिहास आहे तो एकच होता. दिवसपाळी संपवून तोच माणूस संध्याकाळी भजनाला बसत होता, आणि भजनातून उठून तोच संपाच्या सभेला जात होता. म्हणून एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : संकटाच्या काळी या माणसाने देवावर भार टाकला, तेव्हा त्या भरवशाने त्याला हात जोडून खाली बसविले, की त्याच्या पायांत उभे राहण्याचे बळ आणले?

धर्मश्रद्धेमुळे कामगाराच्या असंतोषाची धार बोथट होते, असे मानणारा एक पक्ष गिरणगावातील कामगार-चळवळीत प्रारंभापासून होता. श्रद्धा ही निखळ आत्मिक गोष्ट असून तिचा भाकरीशी संबंध लावणे हा तिचा अवमान होय, असे मानणारा दुसराही पक्ष होता. लालबागच्या इतिहासातील पुरावा या दोन्ही पक्षांना पुरतेपणी अनुकूल नाही. तो समजून घ्यावयाचा तर येथील लोक देवाशी कोणत्या शब्दांत बोलत आले, याकडे प्रथम लक्ष द्यावे लागते.

२

कावसजी दावर यांची कापडगिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी, काळाचौकी, भायखळा हा सारा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. कामगार आला तो प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून. त्याची शेती तुटपुंजी होती. बायकामुले बहुधा गावीच राहत. मुंबईत एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यावयाची, पाळीपाळीने तीत झोपावयाचे आणि खाणावळीत जेवावयाचे, ही रीत पडून गेली. काम मिळणे न मिळणे जॉबरच्या मर्जीवर अवलंबून होते. बदली कामगार तर भोंगा होताच गिरणीच्या दरवाजाशी जाऊन उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्या दिवसाचा रोज त्याच्या पदरी पडे, नसेल तर तो रिकाम्या हाताने परते. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात असल्याचे दिसून आले. सावकार, पठाण आणि वाणी या तिघांच्या वह्यांत त्यांची नावे होती.

अशा जीवनात ज्याला मराठीत ‘धीर’ म्हणतात त्याची गरज रोजची होती. हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बळ आणि शांती या दोन गोष्टींसाठी इतरत्र दोन स्वतंत्र शब्द वापरावे लागतात. मराठीतील ‘धीर’ या एका शब्दात त्या दोन्ही सामावलेल्या आहेत. ज्याने धीर धरला तो घाबरत नाही आणि उतावीळही होत नाही. शिवाय धीर ही मनाच्या आत कोंडलेली वस्तू नव्हे. धीर धरता येतो तसा तो देता येतो. तो सुटतो, खचतो आणि पुन्हा बांधताही येतो. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाणारी ती वस्तू आहे, असे या क्रियापदांवरून दिसते.

देवाशी बोलावयाची जी भाषा कोकणी आणि घाटी कामगारांनी आपल्याबरोबर मुंबईत आणली, तिच्यातील तीन-चार शब्द असेच बोलके आहेत. पहिला शब्द ‘साकडे’. हा शब्द ‘संकट’ या संस्कृत शब्दापासून आला असून त्या शब्दाचा एक जुना अर्थ अरुंद, दाटीचा असा आहे. देवाला साकडे घालणे म्हणजे आपली कोंडी त्याच्यापुढे नेऊन ठेवणे. दुसरा शब्द ‘गाऱ्हाणे’. ‘गर्हण’, म्हणजे दोष देणे, या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. मराठीत सरकारदरबारी केलेली तक्रार हेही गाऱ्हाणे आणि कोकणात देवापुढे केलेली प्रार्थना हेही गाऱ्हाणेच. प्रार्थना आणि तक्रार यांसाठी एकच शब्द वापरणारा समाज देवापुढे मुकाट राहणारा समाज नव्हे, एवढे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

तिसरा शब्द ‘नवस’. नवस बोलला जातो आणि फेडला जातो. ‘फेडणे’ म्हणजे सोडणे, उलगडणे. हेच क्रियापद कर्जाला लागते. सावकाराचे कर्ज आणि देवाचा नवस ही दोन्ही फेडावयाचीच, परंतु त्यांच्यात भेद आहे. सावकार आधी देतो आणि मग व्याजासह मागतो. त्याचे व्याज रात्रंदिवस वाढत राहते. देवाचे देणे काम झाल्यावरच लागू होते आणि त्याला व्याज नसते. ज्याच्या आयुष्यातील प्रत्येक व्यवहार त्याच्या अंगावर उलटत होता, त्याला न्याय्य वाटावा असा हा एकच व्यवहार होता. चौथा शब्द ‘पावणे’. देव नवसाला पावतो, म्हणजे त्याच्यापर्यंत बोलणे पोहोचते आणि तो प्रसन्न होतो. वर्गणी दिल्यावर मंडळाचा कार्यकर्ता जी ‘पावती’ फाडून देतो, ती याच धातूची लेक होय.

नवसाला वारकरी परंपरेत मान नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तुकारामांनी नवसावर कठोर टीका केली आहे. नवसाचे वाक्य ‘जर-तर’चे असते, वारकऱ्याचा भरवसा अट घालीत नाही. लालबागच्या चाळींत मात्र या दोन्ही रीती एकत्र नांदल्या. एकादशीला विठ्ठलाचे भजन करणारा माणूस चतुर्थीला गणपतीला नवस बोले, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नसे. एका रीतीने तो मागणे शिकला, दुसरीने न मिळाल्यास टिकून राहणे शिकला. पुढील घटनांत या दोन्ही शिकवणींची परीक्षा झालेली दिसते.

३

देवाचे नाव आणि कामगाराची मागणी यांची पहिली ठळक गाठ नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीत पडली. लोखंडे सत्यशोधक होते. पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून निर्मिकाला भजावे, ही त्या समाजाची शिकवण. १८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे गिरणीकामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्तास काम बंद करणे, पगार वेळेवर देणे आणि अपघातात जखमी झालेल्यास भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. रविवारच्या सुटीचे समर्थन करताना, रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही कारण पुढे केले गेल्याचे लोखंडे यांच्या चरित्रांत सांगितले जाते. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षाच्या जून महिन्यात गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली.

खंडोबाच्या वाराचे हे कारण केवळ युक्तिवादाचे कौशल्य म्हणून सोडून देता येणार नाही. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून ती देवाने आधीच वाटून दिलेली वेळ आहे, अशी भूमिका त्यामागे आहे. दैवतावरील श्रद्धेने येथे मागणी मंदावली नाही. उलट मागणाऱ्याच्या बोलण्यातील लाचारी तिने काढून घेतली.

याच्या उलट चित्र १८९६ च्या प्लेगात दिसते. सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस यांना आढळला. सक्तीने रुग्णालयात नेण्याच्या उपायांनी शहर हादरले. त्या ऑक्टोबरात सुमारे एक हजार गिरणीकामगारांचा जमाव लालबागपासून जवळच असलेल्या आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. पुढील काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली. येथे धीर सुटला होता, आणि तो का सुटला हेही स्पष्ट आहे. रोगापेक्षाही आपल्या माणसांपासून तोडले जाण्याची भीती मोठी होती. लोकांना संकटात एकत्र ठेवणाऱ्या ज्या संस्था होत्या, त्यांवरच सरकारी उपायांचा घाव पडला होता. लोखंडे स्वतः या काळात रुग्णांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला.

४

लालबागच्या नवसाचा प्रसिद्ध प्रसंग १९३२ ते १९३४ या वर्षांतला आहे. या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप होऊन गेला होता. गिरणी कामगार युनियनचा उदय त्याच संपात झाला. त्यानंतर जागतिक मंदी आली, गिरण्या बंद पडू लागल्या आणि मजुरीत कपात झाली. मे १९३२ मध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांची भीषण दंगल उसळली.

त्याच वर्षी लालबाग येथील पेरू चाळीचा बाजार बंद झाला. तेथे बसणारे कोळी आणि किरकोळ व्यापारी उघड्यावर आले. मासळी ही सांभाळून ठेवण्याची वस्तू नव्हे. आज विकली नाही तर उद्या ती फेकून द्यावी लागते. तेव्हा बाजार बंद होणे म्हणजे रोजची चूल बंद होणे होय. मंडळाने जपलेल्या इतिहासानुसार, कायमची जागा मिळावी म्हणून या लोकांनी गणपतीला नवस केला. परंतु नवस बोलून ते थांबले नाहीत. नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शाह, डॉ. व्ही. बी. कोरगावकर, नाखवा कोकम मामा, भाऊसाहेब शिंदे, डॉ. यू. ए. राव यांच्या साह्याने त्यांनी जागेसाठी चिकाटीने प्रयत्न चालू ठेवले. अखेर तय्यबअली आडनावाच्या जमीनमालकाने बाजारासाठी भूखंड देण्याचे मान्य केले. नवस फेडण्यासाठी १२ सप्टेंबर १९३४ रोजी तेथे गणपतीची स्थापना झाली. पहिली मूर्ती कोळ्याच्या वेषात होती, असे मंडळ सांगते. पुढे ‘लालबागचा राजा’ या नावाने ओळखला जाणारा गणपती तो हाच.

या प्रसंगातील तीन गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, हा नवस एका माणसाचा नव्हता. अपत्य, आजार वा खटला यांसाठी घरोघर बोलले जाणारे नवस वेगळे. येथे एका बाजाराने नवस बोलला आणि एका बाजारानेच तो फेडला. त्याचा कर्ता ‘मी’ नसून ‘आम्ही’ आहे. दुसरी गोष्ट, नवस आणि प्रयत्न यांत त्या लोकांना विरोध दिसला नाही. नवसाने त्यांची चिकाटी दोन वर्षे टिकवून धरली. जागा मिळाली ती खटपटीने. यांपैकी श्रेय कोणाचे, हा वाद त्यांनी घातला नाही. तिसरी गोष्ट, दंगलीच्या आठवणी ताज्या असताना हिंदूंच्या नवसाची पूर्ती मुसलमान मालकाच्या जमिनीवर झाली आणि त्यासाठी गुजराती नगरसेवक झटला. देव पावला तो वेगवेगळ्या जातिधर्मांच्या माणसांच्या हातून पावला, हे त्या कथेतच सांगितलेले आहे.

याच वर्षी, एप्रिल १९३४ मध्ये, कापडगिरण्यांतील कामगारांचा सार्वत्रिक संप झाला होता. लालबागच्या एकाच वस्तीत काही महिन्यांच्या अंतराने एक संप झाला आणि एक नवस फेडला गेला. राजनारायण चंदावरकर यांनी दाखविले आहे की, गिरणगावातील संप केवळ गिरणीच्या आवारात घडत नव्हते. चाळ, गल्ली, दुकान आणि खाणावळ यांच्या जाळ्यावर ते उभे राहत. हे जाळे विणण्यात गणेशोत्सवाचा वाटा होता. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, लालबागच्या गणेश गल्लीचे १९२८ चे. ज्यांनी वर्गणी गोळा करताना प्रत्येक खोलीचा उंबरा ओलांडला होता, त्यांना संपाच्या वेळी तो पुन्हा ओलांडणे अवघड गेले नसावे.

५

चाळीतील दैनंदिन जीवनात या सामूहिक भरवशाचे रूप गाऱ्हाण्यात सर्वांत स्पष्ट दिसते. कोकणातील कामगार गावच्या देवाचे गाऱ्हाणे मुंबईतही घालीत. जाणता माणूस पुढे उभा राहून देवाला हाक मारतो, अडचण सांगतो, चूक झाली असेल तर पोटात घाल म्हणतो आणि वाट दाखविण्याची मागणी करतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली माणसे ‘होय महाराजा’ अशी साथ देतात. या रचनेत बोलणारा एक आणि होकार देणारे अनेक आहेत. दुःख एकाचे असले तरी त्याचे वाक्य पुरे होते ते इतरांच्या तोंडून. धीर देता येतो, असे जे भाषा सांगते, ते गाऱ्हाण्यात प्रत्यक्ष घडते. भजनाची रचनाही अशीच आहे : बुवा चरण म्हणतो आणि मागचे झीलकरी ते उचलतात. दोन बुवांच्या डबलबारीला तर कामगारवस्तीत रात्र रात्र गर्दी लोटे.

तथापि या ‘आम्ही’च्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. गिरणीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण. जो कामगार साच्यापाशी दूर ठेवला गेला, तो उत्सवाच्या मांडवातही दूरच ठेवला जाई. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा अधिकार मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे, रावबहादुर बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना झगडावे लागले. डॉ. आंबेडकर स्वतः अनेक वर्षे परळच्या पोयबावाडीत कामगारांच्या चाळीत राहिले होते. १९५६ मध्ये त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्यानंतर गिरणगावाच्या एका मोठ्या भागाने आपल्या धीराचा आधार देवाच्या कृपेत न शोधता बुद्ध, धम्म आणि संघ यांत शोधला. ज्या गाऱ्हाण्यात आपल्याला ‘होय’ म्हणावयास उभे राहू दिले नाही, त्यातून त्यांनी बळ का घ्यावे, या प्रश्नाला भाविकांपाशी उत्तर नव्हते. ईश्वरावरील भरवसा आणि माणसांचा परस्परांवरील भरवसा यांची फारकत झाली की पहिलाही दुबळा होतो, हा धडा या इतिहासात आहे.

६

सर्वांत कठीण परीक्षा १९८२ मध्ये झाली. १८ जानेवारी रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. अनेक गिरण्या पुन्हा नीट चालल्या नाहीत आणि हजारो कामगार कायमचे बेकार झाले. कित्येक कोकणात परतले. जे राहिले त्यांनी मिळेल ते काम धरले. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी संकलित केलेल्या ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या ग्रंथात त्या पिढीच्या आठवणी आहेत. बाजाराचा नवस दोन वर्षांत फळाला आला होता. गिरण्यांच्या बाबतीत तसे काही घडले नाही.

येथे नवसाची भाषा अपुरी पडते, कारण अट पुरी न झाल्यास पुढे काय, हे ती सांगत नाही. टिकली ती दुसरी भाषा : अट न घालणारी, भार टाकणारी. परंतु ती मनातल्या मनात टिकली नाही. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांनी संपकरी कामगारांना उधारीवर जेवू घातले. या स्त्रियांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच उभी केली होती आणि पुरव या कम्युनिस्ट चळवळीतील होत्या. गावकऱ्यांच्या मंडळांच्या खोल्यांनी बेकार माणसाला छप्पर दिले. ‘देव पाठीशी उभा आहे’ असे म्हणणाऱ्याच्या पाठीशी प्रत्यक्षात जी माणसे उभी राहिली, त्यांत देव मानणारे होते आणि न मानणारेही होते.

त्यानंतरच्या काळात गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले आणि लालबागच्या राजाची कीर्ती देशभर पसरली. दर्शनासाठी नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग अशा दोन रांगा लागू लागल्या. रांगेत उभी असलेली माणसे दूरदूरच्या गावांची, एकमेकांना अनोळखी, आणि प्रत्येकाचा नवस वेगळा. शब्द तोच राहिला, परंतु त्याचा कर्ता बदलला : ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ आला. यात श्रद्धा कमी झाली असे म्हणता येणार नाही. रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या मातेच्या भरवशाचे माप कोणी काढावे? तथापि हा बदल सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मोठा आहे. १९३४ च्या नवसातून एक बाजार उभा राहिला, कारण तो बोलणाऱ्यांची अडचण एक होती आणि ती त्यांना ठाऊक होती.

यावरून प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते. देवावरील भरवशाने लालबागच्या माणसाला दुबळे केले नाही, आणि केवळ त्या भरवशाने त्याला जिंकूनही दिले नाही. जेव्हा साकडे, गाऱ्हाणे आणि नवस ही समूहाची वाक्ये होती, तेव्हा त्यांतून मिळणारी शांती ही स्वस्थ बसण्याची शांती नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज घेऊन जाण्याइतके, पुन्हा दरवाजाशी उभे राहण्याइतके बळ तिच्यात होते. जेथे त्या समूहाने काहींना बाहेर ठेवले, तेथे ती शांतीही अपुरी राहिली. म्हणून गिरणगावाच्या अभ्यासकाने सभांचे ठराव आणि मंडळांच्या अहवालवह्या एकाच मेजावर ठेवून वाचावयास हव्यात. एकीत लोकांनी मालकाकडे काय मागितले ते सापडेल आणि दुसरीत देवाकडे काय मागितले ते सापडेल. त्या मागण्या बहुधा एकाच हस्ताक्षरात लिहिलेल्या आढळतील.